४के घेतला, पण मजा किती वाढली?

गोदाकाठी · शुक्र, रात्री १०:४०

दसऱ्यापासून आमच्या सोसायटीत (नाशिक, इंदिरानगर) टीव्ही बदलायची साथ आली आहे. तिसऱ्या मजल्यावर ५५ इंची आला, मग पाचव्यावर ६५. आता लिफ्टमध्ये जो भेटतो तो विचारतो, "तुमचा अजून फुल एचडीच?" सूर असा की माझी नोकरी गेली असावी.

कोणता टीव्ही घ्यावा हे विचारत नाहीये, त्यासाठी इथे ढीगभर धागे आहेत. प्रश्न वेगळा आहे. चित्राचा दर्जा वाढला की सिनेमा बघायची किंवा गेम खेळायची मजा वाढते का? वाढत असेल तर कुठपर्यंत?

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे तुटून पडायला सोपं जाईल. एका टप्प्यापर्यंत मजा प्रचंड वाढते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं (पिक्सेलचं) असायचं. जुने मराठी सिनेमे ज्यांनी फक्त व्हीसीडीवर पाहिले, त्यांनी संवाद ऐकले, नटांचे डोळे पाहिलेच नाहीत. विनोदी सिनेमे त्यातूनही तरले, कारण निम्मा विनोद कानावर चालतो. पण ज्या प्रसंगात बाई एक शब्द बोलत नाही, नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते, तो प्रसंग व्हीसीडीवर घडतच नाही. मग डीव्हीडी आली (७२० बाय ५७६), पुढे एचडी आलं, आणि दर वेळी आधी न दिसलेलं काहीतरी खरोखर दिसायला लागलं.

त्यानंतर मात्र गाडी अडते. फुल एचडीत साधारण २१ लाख ठिपके, ४केमध्ये ८३ लाख. चौपट झाले. मजा चौपट सोडा, सव्वापट तरी झाली का? शेजाऱ्यांच्या सोफ्यावरून, म्हणजे पडद्यापासून दहा फुटांवरून, मला तरी फरक दिसला नाही. त्यांना दिसतो म्हणतात. पैसे त्यांनी मोजलेत, त्यांना दिसणारच. (हलकं घ्या.)


पाथर्डीफाटा · शुक्र, रात्री १०:५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याची शंभरी नक्की.


पिक्सेलपंत · शुक्र, रात्री ११:३०

गोदाकाठी, तुम्हाला फरक दिसला नाही ते बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

६/६ नजरेचा डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील सुटा ओळखतो. ५५ इंची पडदा १२२ सेंमी रुंद असतो. फुल एचडीत त्यावरचा एक ठिपका ०.६३ मिमीचा. हा ठिपका साधारण २.२ मीटरच्या, म्हणजे सव्वासात फुटांच्या पलीकडून सुटा दिसत नाही. ४३ इंचीसाठी तेच अंतर साडेपाच फूट. तेव्हा दहा फुटांवर बसून ४के आणि फुल एचडी यांची तुलना करणं म्हणजे दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून करणंच झालं.

पण मुळात दहा फुटांवर बसायचंच कशाला? सिनेमासाठी चित्राने नजरेचा निदान ३० अंशांचा कोन व्यापावा, ही एसएमपीटीई या सिनेमा-टीव्ही तंत्रज्ञांच्या संस्थेची जुनी शिफारस. ५५ इंची टीव्ही दहा फुटांवरून साडेबावीस अंश व्यापतो. सात फुटांवर या, ३२ अंश होतात. आणि नेमकं त्याच अंतराच्या आत आलात की ४के कामाला लागतो. जास्त ठिपक्यांचा खरा फायदा हा की चित्र न फाटता तुम्ही जवळ बसू शकता, किंवा पडदा मोठा घेऊ शकता. मजा त्या मोठेपणाची आहे.


अनघा_नारो · शुक्र, रात्री ११:४८

पंत, आमच्या हॉलमध्ये सात फुटांवर सोफा म्हणजे बरोबर मधोमध. दारातून आत येणारा माणूस सोफ्याच्या पाठीला धडकून थेट टीव्हीवर जाईल. आणि देव्हारा त्याच भिंतीला आहे, तो कुठे हलवू?


पिक्सेलपंत · शुक्र, रात्री ११:५५

देव्हारा हलवू नका. ६५ इंची घ्या. :)


गोदाकाठी · शनि, सकाळी ७:१५

बघा, शेवटी खरेदीवरच आलात. कोन वाढल्याने मजा वाढते हे मान्य. पण मग लिफ्टमध्ये लोकांनी "तुम्ही किती फुटांवर बसता?" असं विचारायला हवं. ते कोणी विचारत नाही.


रीळवाला · शनि, सकाळी ९:०५

मी नाशकातल्या एका सिंगल स्क्रीनला प्रोजेक्टर मशीनवर होतो. थिएटर आता नाही, नाव राहू द्या. तरुण मंडळींना थोडं सांगतो.

मुंबईत भरपूर चालून झालेली प्रिंट आमच्याकडे यायची तेव्हा तिच्यावर उभ्या रेघा पडलेल्या असत. खालचे म्हणायचे, पाऊस पडतोय. रीळ बदलायच्या जागी जोड लावलेले, त्यात दोन-चार वाक्यं गेलेली. तरी गाण्याला पैसे उडायचे, शिट्ट्या तेवढ्याच. रेघेबद्दल तक्रार घेऊन मशीन रूमपर्यंत कोणी आल्याचं मला आठवत नाही.

पण कार्बनच्या कांड्या (मशीनचा उजेड त्यांचाच) जळत आल्या आणि पडदा पिवळट पडला, की लगेच खालून आरोळी, "ए, लाईट!" फोकस हलला तरी तेच. आणि आवाज गेला तर विचारूच नका, खुर्च्यांवर लाथा बसायच्या. म्हणजे पब्लिकचा हिशेब असा: आधी आवाज, मग उजेड, मग फोकस, आणि बाकी बारकावे सगळ्यात शेवटी. हा हिशेब कोणी शिकवलेला नव्हता.

आणखी एक. १९७५ चा 'शोले' ७० एमएमवर पाहिल्याच्या गोष्टी लोक अजून सांगतात. तो मुळात ३५ एमएमवरच चित्रित केलेला, नंतर ७० वर मोठा केलेला. नुसतं मोठं केल्याने तपशील वाढत नाही. वाढला तो पडदा, आणि चहूकडून येणारा आवाज. नाणं पडल्याचा आवाज थिएटरमध्ये कुठून कुठे गेला हे माझ्या पिढीचा माणूस आजही हात फिरवून दाखवतो.


त्र्यंबकची · शनि, सकाळी ९:४०

काका, दंडवत. नाशिकचा धागा आहे आणि दादासाहेब फाळक्यांचं नाव नाही असं कसं चालेल? १८७० ला आमच्या त्र्यंबकला जन्म, १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र', आणि त्यानंतर त्यांनी नाशकात येऊन काम केलं. कॅमेरा हाताने फिरवायचा, चित्र थरथरणारं, रंग नाही, आवाज नाही. तरी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये पडद्यावर राम आला की लोक चपला काढून हात जोडायचे असं सांगतात. चित्राच्या दर्जावर मजा अवलंबून असती तर त्या लोकांना काहीच मिळायला नको होतं.


पिक्सेलपंत · शनि, सकाळी १०:१०

त्र्यंबकची, हा दाखला तुमच्या विरुद्ध जातो. त्या प्रेक्षकाने आयुष्यात पाहिलेलं ते सर्वोत्तम हलतं चित्र होतं, कारण ते एकमेव होतं. आपण त्याला आजच्या तुलनेत कमी दर्जाचं म्हणतो. त्याच्या लेखी तो साक्षात राम होता. स्वतः फाळके तर तंत्राच्या बाबतीत कमालीचे काटेकोर. छपाई, फोटोग्राफी, जादूचे प्रयोग सगळं शिकलेला माणूस, आणि हे शिकायला त्या काळात लंडनला गेलेला. "चालतंय की" म्हणणारा तो नव्हता.


त्र्यंबकची · शनि, सकाळी १०:२२

हे मात्र पटलं. पण पायातले जोडे काढायला लावणारी गोष्ट ठिपके नव्हती, एवढं तरी मान्य करा.


अभि_सातपूर · शनि, दुपारी १२:३०

काय भो, सगळे सिनेमाचंच बोलून राहिले. गेमचं काय?

आमच्या ग्रुपात बीजीएमआय (मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम) खेळणारा प्रत्येक जण ग्राफिक्स 'स्मूथ'वर आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 'एक्स्ट्रीम'वर ठेवतो. स्मूथ म्हणजे अगदी खालचा दर्जा. फोन भारी असला तरी. कारण एचडीआर ग्राफिक्स लावून सुंदर दिसणाऱ्या झाडामागून सुंदर दिसणारा शत्रू येतो आणि आपण सुंदर मरतो. काउंटर-स्ट्राइकचे कित्येक प्रोफेशनल खेळाडू १२८० बाय ९६० वर खेळतात, तेही चित्र आडवं ताणून. लाखाचा पीसी, आणि चित्र माझ्या बाबांच्या जुन्या मॉनिटरसारखं.

३० फ्रेमला प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला पावणेसतरा, १२० ला सव्वाआठ. हा फरक डोळ्यापेक्षा अंगठ्याला कळतो. एकदा ६० वर खेळलास की ३० वर चिखलात चालल्यासारखं होतं. ४के नको, फ्रेम दे. विषय संपला.


चांदणी · शनि, दुपारी १:१५

विषय तुझा संपला असेल. सगळ्यांना मारामारी करायची नसते. मी 'रेड डेड रिडेम्प्शन २'मध्ये घोडा थांबवून ढग बघत बसते. मिशन गेलं खड्ड्यात. तिथे मला ३० फ्रेम चालतात, पण डोंगरामागे उगवणारा सूर्य नुसता पांढरा डाग दिसला तर माझा मूड जातो. फुल एचडी मॉनिटरवरून चांगल्या एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या) पडद्यावर गेले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या गेममध्ये रात्री खरंच रात्र असते. आधी नुसता राखाडी अंधार होता.

मात्र दर्जा आणि सौंदर्य एकच समजू नका. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम स्विच कन्सोलवर टीव्हीला जोडून ९००पी आणि हातात ७२०पी चालतो. आजही त्याच्यासारखं गवत वाऱ्यावर हलवणं अनेक ४के गेम्सना जमलेलं नाही. 'माइनक्राफ्ट' तर नुसती चौकोनी ठोकळ्यांची दुनिया, आणि ३० कोटींच्या वर प्रती विकल्या गेल्या. चित्रकाराने काय काढलंय ते आधी, किती बारीक निबने काढलंय ते नंतर.


अभि_सातपूर · शनि, दुपारी १:२०

ताई तू ढग बघ, तोवर मी तुझा घोडा नेतो.


जुनाखेळिया · शनि, दुपारी ३:००

नव्वदीतले टीव्ही व्हिडिओ गेम आठवतात का? पिवळी कॅसेट, वर "९९९९ इन १" लिहिलेलं, आत खरे गेम पाच-सहाच. कॉन्ट्रा, मारिओ. मागच्या वर्षी हौसेने तेच गेम नव्या टीव्हीवर लावले आणि दिसायला भयानक. प्रत्येक ठोकळ्याच्या कडा ब्लेडसारख्या. मला वाटलं आठवणीच गोड असतात, गेम कधीच चांगले नव्हते.

मग वाचलं की त्या काळचे चित्रकार जुन्या काचेच्या टीव्हीचा पसरटपणा हिशेबात धरून काढायचे. सेगाच्या 'सॉनिक'मधला धबधबा म्हणजे प्रत्यक्षात उभ्या पट्ट्या आहेत, एक आड एक. जुन्या टीव्हीवर, पिवळ्या पिनेच्या वायरवरून आल्यावर त्या एकमेकीत मिसळतात आणि पाणी पारदर्शक वाटतं. आज चित्र जास्त स्वच्छ दिसतं आणि पाणी नाहीसं होतं. म्हणजे दर्जा वाढवून मजा कमी होण्याचं हे धडधडीत उदाहरण. आता त्या जुन्या टीव्हीसारखं दिसावं म्हणून लोक फिल्टर लावतात!


अनघा_नारो · शनि, संध्याकाळी ६:१०

माझा प्रश्न कोणी सोडवेल का? सासऱ्यांनी नवा टीव्ही आणल्यापासून त्यावर कुठलाही सिनेमा लावला की संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसतो. स्पष्ट आहे, फार स्पष्ट आहे, पण खोटा वाटतो. राजा सिंहासनावर बसलाय असं न वाटता नट सेटवर बसलाय असं वाटतं. दुकानदार म्हणतो, मॅडम हीच तर क्वालिटी.


पिक्सेलपंत · शनि, संध्याकाळी ६:४५

दुकानदाराला नमस्कार सांगा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने आणखी चित्रं तयार करून घालतो आणि हालचाल लोण्यासारखी होते. मालिका पूर्वीपासून व्हिडिओवर सेकंदाला ५० क्षेत्रांनी (फील्ड, म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं) चित्रित व्हायच्या, म्हणून आपल्या डोक्यात ती गुळगुळीत हालचाल म्हणजे मालिका हे पक्कं बसलंय. सेटिंगमध्ये 'मोशन' नावाने काहीतरी असेल, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ते पूर्ण बंद करा. किंवा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, २०१९ मध्ये जाहीर झाला होता. टॉम क्रूझने २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले होते की बाबांनो, हे बंद करा.


अभि_सातपूर · शनि, संध्याकाळी ६:५८

थांबा. गेममध्ये ६० फ्रेम म्हणजे स्वर्ग आणि सिनेमात ६० म्हणजे मालिका? हे काय लॉजिक?


पिक्सेलपंत · शनि, संध्याकाळी ७:३०

चांगला प्रश्न. सिनेमाच्या कॅमेऱ्याचं शटर साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. तेवढ्यात हललेला हात चित्रातच थोडा पुसट उमटतो, आणि तो पुसटपणा पुढच्या चित्राशी सांधा जुळवतो. गेममधली फ्रेम मात्र सहसा गोठलेली, कडक. अशी २४ चित्रं दाखवली की ती नुसती उड्या मारतात. शिवाय गेममध्ये बटण तू दाबतोस, उत्तर किती लवकर आलं याचा हिशेब तुझं शरीर ठेवतं. सिनेमात तुझ्याकडे रिमोटशिवाय काही नसतं.

उरलेला भाग सवयीचा. २०१२ मध्ये 'द हॉबिट' ४८ फ्रेमने दाखवला, तेव्हा पुष्कळांना अनघाताईंसारखंच वाटलं: नकली दाढ्या दिसतात. माझ्या मते सिनेमाला थोडं अंतर लागतं. सगळंच दिसलं तर विश्वास ठेवायला जागा उरत नाही.


गोदाकाठी · शनि, रात्री ८:०५

पंत, हे वाक्य तुम्ही लिहिलंत? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.


पिक्सेलपंत · शनि, रात्री ८:४०

ठेवा. मी ठिपक्यांचा वकील नाही, चित्राचा आहे. आणि माझी तक्रार हीच आहे की लोक दर्जा म्हटलं की ठिपकेच मोजतात. खरी गंमत काळ्या रंगात आहे. बऱ्याच स्वस्त टीव्हीत आयपीएस प्रकारचं पॅनेल (पडदा) असतं. त्याचा सगळ्यात काळा आणि सगळ्यात पांढरा यांचं प्रमाण १ ला १००० च्या आसपास. व्हीए पॅनेल ३००० किंवा वर जातं. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः विझतो, म्हणून काळं ते काळंच. रात्रीच्या दृश्यात हा फरक दहा फुटांवरून, चष्म्याशिवाय, पेंगतानाही दिसतो.

आणि डब्यावर 'एचडीआर' छापलं म्हणजे झालं नाही. उजेड ३०० निटच्या (निट म्हणजे उजेडाचं माप) पुढे जात नसेल तर तो टीव्ही एचडीआर सिग्नल घेतो, दाखवत नाही. याउलट थिएटरच्या पडद्याचा ठरलेला उजेड फक्त ४८ निट, म्हणजे तुमच्या घरच्या साध्या टीव्हीपेक्षा कितीतरी कमी. तरी सिटी सेंटर मॉलमध्ये सिनेमा बघताना तो अंधुक वाटतो का? नाही, कारण आजूबाजूला काळोख असतो. घरी ट्यूबलाईट लावून, खिडकी उघडी टाकून, टीव्हीत काळं शोधू नका. पडदा ओढा. फुकट आहे.


प्रेसनिवृत्त · शनि, रात्री ९:२५

नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली, त्यामुळे बारीक रेघांशी संबंध आयुष्यभराचा. छपाईत हातात धरून बघायच्या वस्तूला इंचाला ३०० ठिपके पुरतात असा ठोकताळा. फूटभर अंतरावरून त्याहून बारीक डोळ्याला कळत नाही. पिक्सेलपंतांच्या साठाव्या भागाचाच हिशेब आहे हा. नोटेवरची सूक्ष्म अक्षरं मुद्दाम त्याच्या पलीकडची असतात. ती बघायला भिंग लागतं, आणि ती मजेसाठी नसतात, खोटी नोट पकडण्यासाठी असतात. द्वारका चौकातलं फ्लेक्स जवळ जाऊन बघा, ठिपके मोहरीएवढे असतात. पुलावरून नेत्याचं हास्य मात्र अगदी स्वच्छ दिसतं.

माझा मुद्दा वेगळा. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि घरी येऊन तोच जुना ३२ इंची टीव्ही लावला. निळा रंग असा असतो हे मी विसरलो होतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, निळा आधी मंदावतो, आणि हे इतकं हळू होतं की कळत नाही. मुलगा नवा टीव्ही घेऊन द्यायच्या मागे होता. म्हटलं, आता नको. या धाग्यावर पन्नाशीच्या पुढचे जेवढे असतील त्यांनी टीव्हीच्या दुकानाआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. लांबचा चष्मा टीव्ही बघताना न लावणारे तर घरोघरी आहेत.


अनघा_नारो · शनि, रात्री ९:४०

काका, +१०००. आमच्याकडे चष्मा फ्रिजवर आणि माणूस टीव्हीसमोर.


कांदाभजी · शनि, रात्री १०:१५

एक शंका. नेटफ्लिक्सचा माझा प्लॅन बेसिक. टीव्ही ४के. मला काय दिसतंय?


पिक्सेलपंत · शनि, रात्री १०:२०

७२०पी. मोबाईल प्लॅन असता तर ४८०पी, तोही फोन-टॅबवरच. ४के फक्त प्रीमियमला.


कांदाभजी · शनि, रात्री १०:२१

आणि मी दोन वर्षं पाहुण्यांना "बघा ४के" म्हणून दाखवतोय. कोणीही, एकाही पाहुण्याने, काही म्हटलं नाही.


गोदाकाठी · शनि, रात्री १०:३०

कांदाभजी, तुमच्या या प्रतिसादापुढे माझा आख्खा धागा फिका आहे.


पिक्सेलपंत · शनि, रात्री ११:०५

हसा. पण यातून "फरक नसतोच" असं सिद्ध होत नाही. ४केच्या नावाखाली जे येतं त्यात डेटा किती आहे ते बघा. स्ट्रीमिंगचं ४के साधारण १५ ते २५ एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट) कोंबलेलं असतं. ४के ब्लू-रे डिस्कला शंभरच्या पुढे जायची मुभा आहे. साधी फुल एचडी ब्लू-रेसुद्धा ४० पर्यंत जाते. म्हणून धूर, पाऊस, पाण्याचे तुषार, अंधाऱ्या भिंती इथे स्ट्रीमिंगचं ४के फाटतं आणि जुनी एचडी डिस्क टिकते. आकाशात रंगाच्या पट्ट्या दिसतात त्याही यातल्याच, शिवाय ८ बिटला रंगाच्या २५६ पायऱ्या आणि १० बिटला १०२४. ठिपके कमी चालतील, पण प्रत्येक ठिपक्याला पोटभर खायला द्या.


पंचवटीएक्सप्रेस · रवि, सकाळी ८:००

रोज मुंबईला जाणारा माणूस. माझे सगळे सिनेमे गाडीत, फोनवर होतात. तुम्हा लोकांच्या चर्चेत आम्ही म्हणजे अस्पृश्य दिसतो.


पिक्सेलपंत · रवि, सकाळी ९:१०

उलट. साडेसहा इंची फोनवर सोळास नऊ मापाचं चित्र १२ सेंमी रुंद येतं. फोन तीस सेंमीवर धरलात तर ते साडेबावीस अंश व्यापतं. वर बघा, गोदाकाठींच्या शेजाऱ्यांचा ५५ इंची टीव्ही दहा फुटांवरून किती व्यापत होता? साडेबावीस. तुम्ही आणि ते एकाच आकाराचा सिनेमा बघताय. तुमच्याकडे हेडफोनही आहेत.


पंचवटीएक्सप्रेस · रवि, सकाळी ९:१४

हे वाक्य डब्यात मोठ्याने वाचून दाखवणार उद्या.


गोदाकाठी · रवि, सकाळी ११:२०

मी अजून एका जागी अडून आहे, आणि इथे पंतांच्या बाजूने. जुन्या सिनेमांच्या बाबतीत दर्जा वाढवण्याला पर्यायच नाही. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीच्या ('पथेर पांचाली' आणि पुढचे दोन सिनेमे) मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत जळाल्या. उरलेल्या पट्ट्या जोडून, जिथे नाहीत तिथे दुसऱ्या प्रती वापरून, २०१५ मध्ये ४के आवृत्ती आली. 'पथेर पांचाली' मी कॉलेजात असताना एका फिल्म क्लबात पाहिला होता, करडा आणि धुरकट. मला वाटायचं गरिबीबद्दलचा सिनेमा आहे, असाच दिसायचा. नव्या प्रतीत तळ्यावरचे पाणकिडे दिसले, म्हाताऱ्या आत्याच्या हातावरच्या शिरा दिसल्या. तो सिनेमा उदास कमी आणि जिवंत जास्त निघाला. मत बदललं ते ठिपक्यांमुळेच.

आपल्याकडे पुण्याला २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेटच्या जुन्या फिल्म्स गेल्या. जे उरलंय त्यातलंही पुष्कळ आपण टीव्हीवरून कोणीतरी टेप केलेल्या प्रतींवर बघतो, कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का असलेल्या. तेव्हा नव्या सिनेमाला ८के देण्याआधी जुन्यांना निदान एचडी मिळावं, इतकीच इच्छा.


त्र्यंबकची · रवि, सकाळी ११:५०

सहमत. फक्त सुधारताना चेहरे मेणाचे करू नयेत. फिल्मचे दाणे पुसले की सुरकुत्याही पुसतात. काही जुन्या हिंदी सिनेमांच्या 'रिमास्टर' प्रतींत सगळी माणसं नुकतीच फेशियल करून आल्यासारखी दिसतात.


पिक्सेलपंत · रवि, दुपारी १२:०५

घरच्या टीव्हीतही तेच होतं. 'नॉइज रिडक्शन' बंद आणि 'शार्पनेस' जवळपास शून्यावर आणा. सुरुवातीला चित्र मऊ वाटेल. आठवडाभर राहू द्या.


चांदणी · रवि, दुपारी २:३०

मला वाटतं एक धोका कोणी लिहिला नाही. चांगला पडदा आला की काही दिवस आपण सिनेमा बघत नाही, पडदा बघतो. माझा भाऊ अजून त्यातच आहे. कुठलाही प्रसंग रंगात आला की हा रिमोट घेऊन सेटिंगमध्ये. वहिनीने आता रिमोट ओट्यावरच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली आहे.


रीळवाला · रवि, संध्याकाळी ५:४५

दिवाळीच्या सुट्टीला नातू पुण्याहून आलाय. त्याने त्याचा गेमचा डबा माझ्या टीव्हीला जोडला आणि म्हणतो, आजोबा तुमचा टीव्ही लॅग मारतो. चित्र तर छान दिसतंय. टीव्ही खराब आहे का? अभि, तू सांग बाबा.


अभि_सातपूर · रवि, संध्याकाळी ५:५८

काका, खराब नाही. टीव्ही चित्र सजवत बसतो, त्यात वेळ जातो. कधी कधी शंभर मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे त्याने बटण दाबल्यावर पाच-सहा फ्रेम उशिरा माणूस उडी मारतो. रिमोटवर सेटिंगचं बटण दाबा, 'पिक्चर'मध्ये जा, 'गेम मोड' शोधा, चालू करा. काही टीव्हीत तो 'जनरल'मध्ये लपवलेला असतो. रंग जरा फिके होतील, घाबरू नका. तुमचा सिनेमा लावायच्या आधी आठवणीने परत बंद करा.


रीळवाला · रवि, संध्याकाळी ६:३०

सापडला. 'जनरल'मध्येच होता. नातू म्हणतो एकदम मक्खन. मी शेजारी बसून बारकाईने बघितलं, मला काडीचाही फरक दिसला नाही. पण कंट्रोलर त्याच्या हातात होता.